एमबीएला जाताना घरची वही बरोबर न्यावी

नोव्हेंबर उजाडला की शिरोळजवळच्या दत्तनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या वाहनांची रांग लागते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मध्येच एखादी बैलगाडी, काट्यावर पावतीसाठी थांबलेले ड्रायव्हर आणि गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्यांचा अखंड आवाज. शिरोळ तालुक्यातल्या मुला-मुलींनी हे सगळे लहानपणापासून पाहिलेले असते. त्यांतली कितीतरी मुले पदवीच्या शेवटच्या वर्षात आली की घरात एकच चर्चा सुरू होते. एमबीए करायचे का? आणि केलेच, तर पुण्याला नोकरी धरण्यापलीकडे त्याचा काही उपयोग आहे का?

याचे उत्तर त्या काट्यापासूनच शोधायला लागावे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागतात. साखर मात्र वर्षभर, केंद्राने ठरवून दिलेल्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे विकावी लागते. समजा, एका कारखान्याने पाच महिन्यांच्या हंगामात १० लाख टन ऊस गाळला आणि तोडणी-वाहतूक धरून टनाला ३,९०० रुपये खर्च आला. म्हणजे ३९० कोटी रुपये या पाच महिन्यांत बाहेर गेले. उतारा १२ टक्के धरला तर साखर झाली १२ लाख क्विंटल. दरमहा एक लाख क्विंटल विकली आणि क्विंटलला ३,८०० रुपये मिळाले, तर पाच महिन्यांत हाती आले १९० कोटी. उरलेली सात लाख क्विंटल साखर गोदामात आणि २०० कोटींचे खिंडार तिजोरीत. ते भरायला साखर तारण ठेवून बँकेकडून पोत्यावरची उचल घ्यायची. वर्षाला १० टक्के व्याज धरले तर २०० कोटींचे एका महिन्याचे व्याज १ कोटी ६७ लाख होते.

हे आकडे कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. पगार, दुरुस्ती, रसायने यांचा खर्च तर यात अजून धरलेलाच नाही. पण कोट्यातली साखर कधी विकायची, किती ऊस इथेनॉलकडे वळवायचा, ऊसतोडीच्या किती टोळ्या आणायच्या, बंद हंगामात कोणते सुटे भाग आधी घ्यायचे, असे निर्णय ज्याला घ्यावे लागतात, त्याचे काम किती जड आहे ते यावरून ध्यानात येते. व्यवस्थापन शास्त्राच्या पुस्तकात याला खेळत्या भांडवलाचे नियोजन म्हणतात. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची घोषणा ऐकायला जमलेल्या शेतकऱ्यालाही हा हिशेब आला, तर कारखान्याचा ताळेबंद वाचताना त्याला कोणी गुंडाळू शकणार नाही.

शिरोळ हा कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा तालुका. दत्तनगरचा दत्त सहकारी साखर कारखाना, टाकळीवाडीचा गुरुदत्त कारखाना, गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्था, यड्रावची पार्वती औद्योगिक वसाहत, कोंडिग्रेच्या माळावरची हरितगृहे, कुरुंदवाडची बाजारपेठ, नृसिंहवाडीची पेढे-बासुंदीची दुकाने. उद्योग इथे आहेत, जिद्दही आहे. ते उद्योग पुढच्या पिढीत नेणारी, आकड्यांवरून निर्णय घेणारी माणसे मात्र सहज मिळत नाहीत. तालुक्यातल्या मुलांनी व्यवस्थापनाच्या शिक्षणाकडे या नजरेने पाहिले, तर कोणते कॉलेज, किती फी, कोणता विषय हे पुढचे प्रश्न बरेच सोपे होतात.

हा विचार या भागाला नवा नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. पुढे शिरोळ रोड स्टेशनाजवळच्या मोकळ्या माळावर शाहू महाराजांनी सरळ रस्त्यांची नवी बाजारपेठ आखली आणि तिला वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. तेच जयसिंगपूर. याच तालुक्यातल्या निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीत बसले, त्यांनी पंचगंगा साखर कारखाना उभा केला आणि कोल्हापुरात १९५७ मध्ये कॉमर्स कॉलेजही काढले. कारखाना काढणाऱ्या माणसाला हिशेब जाणणारी मुले तयार करण्याची गरज तेव्हाच दिसली होती. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले. १९७६ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट डॉ. ए. डी. शिंदे यांनी छत्रपती शाहूंच्या नावाने व्यवसाय शिक्षणाची संस्था सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे कोल्हापूर तिला ‘सायबर’ म्हणते आणि तिच्यावरून शहरातला एक चौकही ओळखला जातो. नव्या विद्यार्थ्याला वाटते हे संगणकाचे कॉलेज असावे. प्रत्यक्षात मुंबई-पुण्याबाहेर व्यवस्थापन शिकवण्याचा तो महाराष्ट्रातल्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक आहे. अलीकडे अतिग्रेला संजय घोडावत विद्यापीठही झाले, तेही जयसिंगपूरच्याच उद्योजकाने काढलेले. म्हणजे शिरोळच्या मुलाला किंवा मुलीला घर न सोडता, एसटीने जाऊन-येऊनही हे शिक्षण घेता येते.

तिथे नेमके काय शिकवतात? हिशेबशास्त्र, खर्चाचा अभ्यास, बाजार, माणसांची निवड आणि वागणूक, उत्पादन, कायदा, संख्याशास्त्र. विषयांची यादी कुठेही सारखीच. फरक पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीने. हार्वर्डने १९०८ मध्ये बिझनेस स्कूल काढले आणि पुढे खऱ्या धंद्यातला खरा पेच वर्गासमोर ठेवून ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारण्याची पद्धत रुजवली. १९६१ मध्ये निघालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती भारतात आणली. या पद्धतीत अर्धवट माहितीवर, वेळेच्या आत, चार जणांशी वाद घालून निर्णय घ्यायची सवय लागते. दोन वर्षांत ही सवय लागली तर फी वसूल झाली. नोट्स पाठ करून पेपर लिहिले, तर हातात कागद तेवढा राहतो.

असे पेच शोधायला अमेरिकेला जायला नको. शिरोळ तालुक्यात पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. उपाय इंजिनिअरला माहीत होता. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचे, खारे पाणी ओढ्यात काढून द्यायचे. अडचण वेगळीच होती. एकाच्या शेतातले पाणी दुसऱ्याच्या शेताखालून जाणार. मधल्या एकानेही नाही म्हटले तर वरचे दहा अडकणार. खर्च आज, पीक दोन-तीन वर्षांनी. कर्ज कोणाच्या नावावर, हप्ता कशातून, पाइप तुंबला तर दुरुस्ती कोणाची? दत्त कारखान्याने आपले नेते गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने हे काम हाती घेतले तेव्हा पाइप घालण्याआधी माणसे जोडावी लागली, बैठका घ्याव्या लागल्या, पैशाची सोय लावावी लागली. पांढरी फुटलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला तो या जुळवाजुळवीमुळे. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावा असा याहून चांगला पाठ जवळपास सापडणार नाही. कोल्हापूर-सांगलीच्या व्यवस्थापन संस्थांनी असे पाठ मराठीत लिहून काढायला हवेत. ते काम अजून फार थोडे झाले आहे, याची खंत वाटते.

आता मोठा कारखाना बाजूला ठेवून छोट्या दुकानाकडे यावे. नृसिंहवाडीत देवळाच्या वाटेवर बासुंदीचे एक दुकान आहे असे समजा. १० लिटर म्हशीच्या दुधाचे ६०० रुपये, साखर ४५, गॅस ८०, डबे-झाकणे ७५. एकूण ८०० रुपये. चार किलो बासुंदी झाली, किलोला ३२० प्रमाणे १,२८० रुपये आले. संध्याकाळी दुकानदार गल्ला मोजतो आणि म्हणतो, ४८० सुटले. पण जागेचे भाडे, फ्रिजचे वीजबिल आणि हाताखालच्या माणसाचा पगार मिळून रोजचे ९०० रुपये पडतात. ते बासुंदी विकली तरी द्यायचे, नाही विकली तरी द्यायचे. म्हणजे १० लिटरच्या दिवशी ४२० रुपये तोटा झाला आणि तो त्याला कळलाही नाही. ९०० रुपये भरून निघायला रोज जवळजवळ १९ लिटर दूध आटवून विकायला हवे. त्याने स्वतःच्या आणि बायकोच्या कष्टाची रोजची ६०० रुपये मजुरी धरली, आणि ती धरलीच पाहिजे, तर आकडा ३१ लिटरच्या पुढे जातो.

आता महिन्याचे चित्र पाहावे. २४ दिवस साधारण २० लिटरचे, तर पौर्णिमा आणि काही शनिवार-रविवारच्या गर्दीचे सहा दिवस १०० लिटरचे. साध्या दिवशी मजुरी धरून ५४० रुपये तोटा, गर्दीच्या दिवशी ३,३०० नफा. २४ दिवसांचा तोटा १२,९६०, सहा दिवसांचा नफा १९,८००. मजुरी वजा जाता महिनाअखेर उरले ६,८४०. सगळा धंदा सहा दिवसांवर उभा आहे! हे एकदा कागदावर आले की प्रश्न आपोआप सुचतात. गर्दीच्या दिवशी माल कमी पडून गिऱ्हाईक परत जाते का? साध्या दिवशी जास्त टिकणारे पेढे आणि कवठाची बर्फी करून ठेवावी का? दुसरा फ्रिज घेतला तर त्याचा हप्ता किती लिटरांत निघेल? एमबीएच्या पहिल्या सत्रातल्या खर्चाच्या विषयात हेच शिकवतात, फक्त उदाहरण मोटारीच्या कारखान्याचे असते. घरची वही बरोबर नेलेला विद्यार्थी ते उदाहरण ऐकत असतानाच आपल्या दुकानाचे आकडे घालून पाहतो. त्याचे शिक्षण दुप्पट होते.

उद्योजक जन्मावा लागतो, शिकवून होत नाही, असे अनेक जुने व्यापारी म्हणतात. या समजुतीची तपासणी भारतातच झाली आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना ध्येय ठरवण्याचे, जोखीम मोजून घेण्याचे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढे अधिक गुंतवणूक केली, नवी माणसे कामाला लावली, असे त्या अभ्यासात आढळले. त्या दशकानंतर गुजरातेत उद्योजकता प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, १९८३ मध्ये अहमदाबादला त्याची राष्ट्रीय संस्था झाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, निघाले. त्याचे ‘उद्योजक’ नावाचे मराठी मासिक आहे. जिल्ह्यातल्या प्रशिक्षणांची माहिती कोल्हापूरच्या उद्योग भवनात मिळते.

म्हणून सगळ्यांनी एमबीएलाच जावे असे मुळीच नाही. दोन वर्षांचा वेळ आणि काही लाखांचा खर्च प्रत्येक घराला परवडत नाही आणि प्रत्येकाला त्याची गरजही नसते. ऐपत आणि गरज पाहून वाट निवडावी.

ज्या मुलीला गावातच ब्युटी पार्लर, शिवणकाम, दुग्धव्यवसाय किंवा मसाल्याचा धंदा करायचा आहे, तिने आधी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे दार ठोठावावे. धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत या संस्था उभ्या राहिल्या. कोल्हापुरात ती अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाच्या वतीने चालते. प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवण्याची सोयही मोफत, आणि नंतर दोन वर्षे संस्था विचारपूस करत राहते. हाताचे काम शिकवता शिकवता बँकेशी बोलणे, हिशेब ठेवणे, गिऱ्हाईक सांभाळणे हेही तिथे शिकवतात. बचत गटातल्या महिलांना याचा फायदा लगेच दिसतो.

दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था यांत काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या तरुणाने सहकार खात्यामार्फत दरवर्षी होणारी जीडीसी अँड ए ही परीक्षा द्यावी. सहकार कायदा, हिशेब, लेखापरीक्षण असे तिचे विषय आहेत. गावातल्या संस्थेचा सचिव ही परीक्षा पास असला की फॅटच्या आकड्यापासून दिवाळीच्या दूध फरकापर्यंत सगळी वही स्वच्छ राहते आणि ऑडिटर आला तरी घाम फुटत नाही. सहकारातच पुढे जायचे असेल तर पुण्यात १९६७ पासून वैकुंठभाई मेहता यांच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. तिथे कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गुजरातेत आणंदला वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनाची ‘इर्मा’ ही संस्था काढली. शेतकऱ्यांच्या संस्थांनाही कंपन्यांच्या तोडीचे मॅनेजर हवेत, हा त्यांचा आग्रह होता. २०२५ मध्ये तिचेच त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेल्यांसाठी २००२ पासून अ‍ॅग्रि-क्लिनिक योजनेत ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण असते. माती परीक्षण, रोपवाटिका, सल्ला केंद्र काढू पाहणाऱ्याने ते आधी करावे.

धंद्याला कर्ज हवे असेल तर प्रशिक्षणाचा कागद तिथेही लागतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळते, आणि मोठ्या प्रकल्पांना उद्योजकता प्रशिक्षण घ्यावेच लागते. अन्नप्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी २०२० ची वेगळी योजना आहे. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. योजनांच्या मुदती बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. एजंटाला पैसे देऊ नयेत. आणि अनुदानासाठी धंदा काढू नये. अनुदान वजा करूनही जो हिशेब जमतो तोच धंदा टिकतो.

पूर्ण वेळ एमबीए कोणी करावे? ज्याला पन्नास-शंभर माणसांचे काम सांभाळायचे आहे, घरचा धंदा एका दुकानाचा चार दुकानांचा करायचा आहे, किंवा मोठ्या कंपनीत काही वर्षे शिकून परत यायचे आहे, त्याने जरूर करावे. शक्य असेल तर पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे कुठेतरी काम करून मगच जावे. काम केलेल्या विद्यार्थ्याला वर्गात प्रश्न पडतात. न केलेल्याला बहुधा फक्त गुण दिसतात.

कॉलेज निवडताना पालकांनी जाहिरातीतले ‘सर्वोच्च पॅकेज’ बाजूला ठेवावे. तो एका विद्यार्थ्याचा आकडा असतो. मागच्या वर्षीच्या सगळ्या विद्यार्थ्यांपैकी मधल्या क्रमांकाच्या मुलाला कोणते काम मिळाले आणि कोणत्या पगारावर, हे विचारावे. कॉलेजला एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावे. राज्यातल्या कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करते. त्यापेक्षा जास्त मागितली तर लेखी कारण मागावे. राज्याच्या सीईटीने, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेने, प्रवेश घेतलेल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळू शकते. तिचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरतात आणि कागदपत्रे अपुरी राहिल्याने अनेकांची शिष्यवृत्ती हुकते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. २०२४ पासून बीबीएसुद्धा एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यालाही सीईटी लागू झाली. बारावीनंतरच या वाटेने जाणाऱ्यांनी या सीईटीची तारीख चुकवू नये.

आणखी एक गोष्ट जरूर करावी. एक दिवस त्या कॉलेजात जाऊन मागच्या बाकावर बसावे. शिक्षक फळ्यावर व्याख्या लिहून देत असेल आणि मुले उतरवून घेत असतील, तर दुसरे कॉलेज पाहावे. मुले आपसांत भांडत असतील, आकडे काढून एकमेकांना चूक ठरवत असतील आणि शिक्षक मधूनच एक अवघड प्रश्न टाकून गप्प बसत असेल, तर तिथे फी भरायला हरकत नाही.

एमबीएतला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात वाया जाणारा भाग म्हणजे पहिल्या वर्षानंतरचा दोन महिन्यांचा प्रकल्प. बरीच मुले ओळखीच्या कंपनीतून सही-शिक्का आणतात आणि जुना अहवाल पान बदलून सादर करतात. शिरोळच्या मुलांनी असे करणे म्हणजे अंगणात विहीर असताना टँकरची वाट पाहण्यासारखे आहे. विषय गावातच पडलेले आहेत. खताच्या दुकानदाराने जूनमध्ये एक लाखाचे खत उधारीवर दिले आणि पैसे फेब्रुवारीत ऊस बिलातून आले. नफा पाच टक्के धरला तर ५,००० रुपये. पण आठ महिन्यांचे १२ टक्के दराने व्याज होते ८,०००. दुकानदार तीन हजार घालवून वर शेतकऱ्याची बोलणीही ऐकतो. अशा दुकानाची तीन वर्षांची उधारी तपासावी. कोण कधी देतो, रोखीला किती सूट देणे परवडते, किती उधारीला थांबायचे याचा नियम बांधून द्यावा. कोंडिग्रेच्या जरबेरा-गुलाबाची फुले तोडणीपासून मोठ्या शहराच्या बाजारात पोहोचेपर्यंत कोणत्या टप्प्यावर किती खराब होतात, ते आठ आठवडे रोज मोजावे. यड्रावच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात माग दिवसात किती वेळ आणि कशामुळे बंद राहतो, याची नोंद घ्यावी. असा अहवाल मालकाच्या उपयोगी पडतो, आणि मुलाखतीत विद्यार्थ्याला त्यावर अर्धा तास आत्मविश्वासाने बोलता येते.

शिकून परत आलेल्या मुलाचे घरात काय होते, यावर पुढचे सगळे ठरते. बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात तो लॅपटॉप उघडून सगळी पद्धत बदलायला सांगतो आणि वडील म्हणतात, ‘अरे, चाळीस वर्षं आम्ही काय गवत उपटलं?’ दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते. वडिलांना माणसे ठाऊक असतात. कोण शब्दाचा पक्का, कोण बिल बुडवणार, कोणत्या गावात कधी जत्रा, हे त्यांना पाठ असते. मुलाला ते आकड्यांत बांधता येते. अशा घरांनी पहिल्या वर्षी मुलाला किंवा मुलीला एकच विभाग पूर्ण सोपवावा. उधारीची वसुली, नाहीतर खरेदी, नाहीतर एक शाखा. त्यात चुकायचीही मुभा द्यावी, पण महिन्याच्या पाच तारखेला हिशेब मागावा. सुनेने एमबीए केलेले असेल तर तिलाही हाच नियम लावावा. आज अनेक घरांत शिकलेली सून दुकानाच्या मागच्या खोलीत राहते आणि पुढे पगारी मुनीम बसतो.

सहकारी संस्थांच्या संचालकांनीही हे ऐकावे. शिकलेला मॅनेजर नेमायचा आणि मग चिटबॉयसारख्या खालच्या कर्मचाऱ्याच्या बदलीपासून सगळे निर्णय संचालक मंडळाने घ्यायचे, तर तो माणूस सहा महिन्यांत कंटाळून जातो. धोरण मंडळाचे आणि रोजचे काम मॅनेजरचे, ही रेघ नेमणुकीच्या पत्रातच स्पष्ट लिहावी.

शिरोळमध्ये धंद्याचा आराखडा करताना एक पान असे लागते जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडत नाही. ते पान पुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुरुंदवाड-नृसिंहवाडीच्या घरा-दुकानांत शिरले. २०१९ मध्ये तर माणसे आणि जनावरे आधी काढायची की माल, हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. त्यामुळे इथल्या प्रत्येक दुकानाने, गोठ्याने आणि वर्कशॉपने आराखड्यात लिहून ठेवावे, पाणी कोणत्या खुणेला आले की कोणता माल कोणत्या उंच जागी न्यायचा, ट्रॅक्टर कोणाचा, चावी कोणाकडे. हिशेबाची प्रत गावाबाहेर असावी. मालाचे फोटो आणि खरेदीची बिले मोबाइलवर नव्हे, तर ऑनलाइन साठ्यात ठेवावीत, कारण मोबाइलही भिजतो. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित विमा पॉलिसी आहे आणि तिच्यात पुराचे संरक्षण येते. हप्ता भरताना पुराचा शब्द पॉलिसीत आहे ना, दुकानाचा पत्ता आणि मालाची किंमत बरोबर आहे ना, हे वाचून मगच सही करावी. बराच कमी किमतीचा विमा उतरवला तर भरपाईही कापली जाऊ शकते, हे अनेकांना पाणी ओसरल्यावर कळते.

कोल्हापूरच्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी शनिवारी संध्याकाळी एसटीने जयसिंगपूर स्टँडवर उतरतो. रविवारी सकाळी त्याने दुकान उघडण्याच्या तासभर आधी यावे, वडिलांबरोबर फळीवरचा माल मोजावा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावा. पहिल्या रविवारी दोन्ही आकडे जुळणार नाहीत. कुठे काय कमी पडले ते तारखेसह लिहावे, वडिलांना एक प्रत द्यावी आणि दुसरी सोमवारी वर्गात न्यावी.